दर्शन की पाहून घेणे?



प्रश्न तसा साधा आहे. पण गेली दहा वर्षे तो माझ्या मनात सलतो आहे. नुसत्या पाहण्याने कोणाला इजा होते काय? हाताने मारणे ही हिंसा, वाणीने टोचणे ही हिंसा, मनात कोणाचे वाईट चिंतणे हीही हिंसाच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण डोळ्यांनी पाहणे, तेही प्रेमाने, कौतुकाने पाहणे? यात कसले आले आहे पाप, असेच कोणीही म्हणेल. मीही तसेच म्हणत होतो. मग माझ्याच हातून जे घडले ते आधी सांगतो आणि विचार मागून मांडतो. कारण कबुली न देता केलेला उपदेश लटका असतो.

२०१५ सालच्या जानेवारीत आमच्या दिंडीतली आम्ही आठजण कोकणात गेलो होतो. आम्ही सगळे घाटावरचे. चंद्रभागेच्या होडीपलीकडे पाण्याशी संबंध नाही. मालवणच्या बाजूला पाहुण्यांना डॉल्फिन दाखवायला इंजिनाच्या होड्या नेतात, म्हणून आम्हीही एक होडी ठरवली. होडीवाला तरुण होता आणि समजूतदार होता. तासाभराने पाण्यावर एक करडी पाठ दिसली आणि तिला लागून दुसरी लहानशी पाठ. त्याने इंजिन मंद केले आणि म्हणाला, “गुरुजी, वांगडा पिल्लू आसा. जवळ जाऊक नको.”

पण आमच्यात कोणाला फोटो हवा होता, कोणाला नीट दिसत नव्हते. मी मंडळींचा पुढारी. खिशातून दोनशे रुपये काढले, त्याच्या हातात कोंबले आणि म्हणालो, “अरे, इतक्या लांबून आलोय आम्ही! घे की जरा जवळ.” त्याचा हंगाम चार महिन्यांचा, डोक्यावर होडीचे कर्ज. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि होडी पुढे काढली. आमचे पाहून आणखी दोन होड्या धावल्या. मायलेकरे खाली गेली की आम्ही थांबायचे, वर आली की तिकडे धावायचे. असे चार-पाच वेळा झाले. शेवटी शेवटी पिल्लू नुसते डोके वर काढी आणि इंजिनाचा आवाज वाढला की लगेच खाली जाई. आम्ही टाळ्या पिटत होतो. आमच्यातली एक म्हातारी माउली मात्र होडीची कड घट्ट धरून बसली होती. ती म्हणाली, “गुरुजी, झालं ना बघून? आता तिला दम तर खाऊ द्या!”

मी हसलो. म्हातारीला पाण्याचे भय वाटते आहे, असे समजलो. तिच्या त्या शब्दाचा अर्थ मला नऊ वर्षांनी आणि तोही पार दुसऱ्या किनाऱ्यावर कळला.

२०२४ साली मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता अमेरिकेत बॉस्टनजवळ गेलो. त्या वर्षी वारी चुकली. जुलैच्या १७ तारखेची आषाढी मी तिच्या घरात टाळ मांडीवर ठेवून काढली. माझा उतरलेला चेहरा पाहून जावईबापूंनी पुढच्या आठवड्यात बोटीची तिकिटे काढली. “बाबा, चला, देवमासे बघून येऊ,” म्हणाले. देवमासा! काय नाव ठेवले आहे आपल्या लोकांनी! मासा तर तो नव्हेच. गरम रक्ताचा, हवेत श्वास घेणारा, पिलाला दूध पाजणारा जीव. पण त्याच्या नावात देव घालावा असे ज्याला प्रथम वाटले, त्याची नजर आपल्याहून स्वच्छ असली पाहिजे.

ज्या किनाऱ्यावरून आम्ही निघालो त्याची कथा ध्यानात घ्यावी. हा मॅसॅच्युसेट्सचा किनारा. येथल्याच न्यू बेडफर्ड आणि नॅनटकेट बंदरांतून एके काळी देवमासे मारणारी जहाजे जगभर जात. १८५०च्या दशकात एकट्या न्यू बेडफर्डची तीनशेहून अधिक जहाजे या कामावर होती. देवमाशाच्या चरबीचे तेल दिव्यांत जळे, यंत्रांना लागे. पुढे खनिज तेल आले, दिवे बदलले. पण शिकार थांबली नाही. वाफेची जहाजे आणि तोफेतून सुटणारे भाले निघाले आणि विसाव्या एका शतकात साऱ्या जगात मिळून सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचा ठराव केला आणि १९८६पासून तो अमलात आला. काही देशांनी तो आजही मानलेला नाही, हेही खरे. पण या किनाऱ्याने भाला आधीच खाली ठेवला होता. १९७५ साली प्रॉव्हिन्सटाउन बंदरातून माणसांना देवमासे नुसते दाखवण्यासाठी बोट निघाली आणि आज त्या बाजूच्या अनेक बंदरांतून उन्हाळाभर अशा बोटी जातात. आजोबा ज्याला मारायला गेले त्याला नातू पाहायला जातो, एवढा हा पालट आहे. हा पालट थोर आहे, यात शंका नाही. माझी शंका पुढची आहे. भाला खाली ठेवला म्हणजे शिकार संपली काय?

बोट निघाली तेव्हा बंदरातल्या बेटांपाशी सील पाण्यातून डोकी काढून आमच्याकडे पाहत होते, जणू आम्हीच तमाशा. पुढे किनारा दिसेनासा झाल्यावर लांब पंखांचे समुद्रपक्षी लाटांना जवळजवळ शिवत उडताना दिसले. एके ठिकाणी एक अजब मासा आडवा पडलेला होता. चपटा, गोल, एखाद्या मोठ्या परातीसारखा. त्याला ते लोक सूर्यमासा म्हणतात. खोल गार पाण्यातून वर येऊन तो अंग शेकत पडतो. बोटीवर माहिती सांगणारी एक मुलगी होती. मुलगी मला तिचे बोलणे मराठीत करून सांगे.

सुमारे सव्वा तासाने आम्ही स्टेलवॅगन बँक नावाच्या जागी पोचलो. समुद्राच्या तळावर वाळूचे हे एक मोठे पठार आहे. त्याला धडकून खोलातले गार पाणी वर येते, त्यासोबत पोषक द्रव्ये येतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर बोटाएवढे मासे आणि त्या माशांवर देवमासे. १९९२ साली सुमारे २,१८० चौरस किलोमीटरचा हा समुद्र सरकारने संरक्षित केला. येथे येणारे कुबडे देवमासे, ज्यांना हंपबॅक म्हणतात, ते हिवाळ्यात दक्षिणेला वेस्ट इंडीज बेटांकडे जातात. दोन हजार किलोमीटरहून लांबचा हा पल्ला. तेथे पिल्ले जन्मतात. पण तेथे खायला जवळजवळ काही नसते. आई महिनोन्‌महिने उपाशीपोटी पिलाला दूध पाजते आणि वसंतात त्याला घेऊन पुन्हा या पठारावर येते. पिलाला वाट कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी आईच्या अंगाला अंग लावून ते जे चालते, तीच वाट जन्मभर धरते. मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, तुमची वारी चुकली, पण यांची चुकलेली नाही.” माझ्या डोळ्यांत पाणी आले.

प्रत्येकीच्या शेपटीखालच्या काळ्यापांढऱ्या खुणा निराळ्या, त्यावरून तिला ओळखतात. एकीचे नाव तर ‘सॉल्ट’, म्हणजे मीठ. पाठीच्या पंखावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे डाग आहेत म्हणून. १९७०च्या दशकापासून ती वर्षानुवर्षे या पाण्यात दिसत आली. तिची लेकरे, लेकरांची लेकरे, सर्वांच्या नोंदी आहेत. या नोंदींना अशा बोटींवरून काढलेल्या छायाचित्रांची मोठीच मदत झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मग दूरवर फवारा उडाला. बोटीवर एकच गलका झाला. मला वाटले, आता बोट धाव घेणार. पण कप्तानाने वेग कमी केला, मग आणखी कमी केला आणि बऱ्याच अंतरावर बोट जवळजवळ उभीच केली. तेथे तसा प्रघात आहे. देवमासा दोन मैलांवर असतानाच वेग उतरवायचा, जवळ जाता जाता तो घटवत न्यायचा, समोरून वाट अडवायची नाही आणि शंभर फुटांच्या आत आपण होऊन शिरायचे नाही. राइट व्हेल या जातीचे तर चारशेसुद्धा उरलेले नाहीत. त्यांच्यापासून पाचशे यार्ड दूर राहावे, असा १९९७पासून कायदाच आहे. ‘राइट’ म्हणजे मारायला योग्य. सावकाश पोहतो, मेल्यावर तरंगतो, तेल भरपूर देतो, म्हणून शिकाऱ्यांनी ठेवलेले हे नाव. माणूस दुसऱ्याला आपल्या कामाच्या नावाने हाक मारतो, ती ही अशी.

दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. समोर नुसते पाणी. माझ्या शेजारचा एक गृहस्थ चिडून म्हणाला, “पैसे भरलेत आम्ही. जवळ का नेत नाही?” आणि खरे सांगतो, वाचकहो, माझ्या मनातही तेच होते. खिशातले दोनशे रुपये माझ्या मनाने पुन्हा एकदा बाहेर काढले होते. तेव्हा ती माहिती सांगणारी मुलगी शांतपणे म्हणाली, “ती खाली जेवते आहे. तिला श्वास हवा असेल तेव्हा ती वर येईल. आपल्याला दिसते ते एवढेच: तिचे श्वास घेणे.”

मी चमकलो. नऊ वर्षांपूर्वीचा तो शब्द कानात वाजला. “तिला दम तर खाऊ द्या!”

आता जरा विचार करू. हा जीव आपला सारा संसार पाण्याखाली करतो. तेथे आपली नजर पोचत नाही. तो वर येतो तो आपल्याला भेटायला नव्हे. तो येतो कारण हवेवाचून तो मरेल. आपल्याला श्वासाची आठवण ठेवावी लागत नाही, झोपेतही तो चालू असतो. यांचे तसे नाही. डॉल्फिन झोपतो तेव्हाही त्याच्या मेंदूचा अर्धा भाग जागा असतो. एकेक श्वास त्याला जाणून घ्यावा लागतो. म्हणजे ज्या घटकेला आपण ‘दर्शन झाले’ म्हणून टाळी पिटतो, ती त्याच्या गरजेची घटका असते. त्याच घटकेला आपण त्याच्यावर धाव घ्यायची, हे तहानलेल्याला पाणवठ्यावर अडवण्यासारखे झाले. मालवणच्या पाण्यात मी नेमके हेच केले होते. त्या पिलाचा दम मी दोनशे रुपयांना विकत घेतला होता.

यावर कोणी म्हणेल, “समुद्र केवढा मोठा! आवडले नाही तर जातील दुसरीकडे.” याला उत्तर आहे. आपल्या कोकणच्या किनाऱ्याजवळ दिसणारा कुबडा डॉल्फिन उथळ पाण्यातच राहणारा आहे. जेथे आपल्या होड्या, आपली जाळी, आपली बंदरे, तेथेच त्याचे घर. तो कोठे जाणार? ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बे नावाच्या उपसागरात अभ्यासकांना आढळले की पर्यटकांच्या बोटी वाढल्या त्या भागात डॉल्फिनांची संख्या घटली. तेव्हा २००६ साली तेथल्या सरकारने दोन बोटवाल्यांपैकी एकाचा परवाना कमी केला. शिवाय ही मंडळी डोळ्यांपेक्षा कानांवर जगतात. पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा साडेचारपट वेगाने जातो. अन्न शोधणे, लेकराला हाक मारणे, सारे आवाजावर. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेत जो घातपात झाला, त्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा फार मंदावली होती. कॅनडाच्या फंडी उपसागरात अभ्यासकांनी पाहिले की पाण्यातला गोंगाट उतरला आणि त्याबरोबर राइट देवमाशांच्या विष्ठेत सापडणारे ताणाचे द्रव्यही उतरले. माणसांच्या जगात आकांत होता आणि पाण्याखाली कोणाला तरी बऱ्याच काळाने उसंत मिळाली होती. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. “जवळून पाहिल्याशिवाय माया कशी लागणार? लोकांनी पाहिले म्हणून तर शिकार थांबली.” यात तथ्य आहे आणि मी ते नाकारीत नाही. पण १९७० साली अमेरिकेत कुबड्या देवमाशांच्या गाण्याची एक ध्वनिमुद्रिका निघाली. समुद्र न पाहिलेल्या माणसांनी ती घरात बसून ऐकली आणि यांना मारू नका अशी हाक उठली, त्यात त्या गाण्याचा वाटा मोठा होता. नवविध भक्तीत पहिले नाव श्रवणाचे का, हे येथे ध्यानात येते. माया लागायला अंतर आड येत नाही. आड येतो तो हव्यास.

तिसरा आक्षेप पोटाचा. होडीवाल्याने खावे काय? हा प्रश्न टाळणारा धर्म खोटा. पण होडीवाल्याला पाप करायला लावतो कोण? आपल्याकडे गोव्यात, कोकणात कित्येक ठिकाणी बोली असते की डॉल्फिन दिसला तरच पैसे. ही बोलीच सगळ्याचे मूळ आहे. ज्याने दिसण्याची हमी दिली, त्याला पाठलाग करावाच लागतो. ती हमी मागतो आपण. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जीवांना अभय दिले आहे. पण आपण खिशात हात घालतो तेव्हा त्या कायद्यालाच लाच देत असतो. आपण पैसे मोजावेत ते होडीचे, डिझेलचे, त्याच्या श्रमाचे आणि त्याच्या माहितीचे. त्या जिवाचे पैसे मोजायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पंढरीचा वारकरी हे सहज समजू शकेल. आपल्यापैकी किती जणांना आषाढीला गाभाऱ्यापर्यंत जाता येते? दर्शनबारी मैल-मैल लांब असते. कोणी मुखदर्शन घेतो, कोणी नामदेवाच्या पायरीवर डोके टेकतो, कोणी नुसता कळस पाहून हात जोडतो आणि परत फिरतो. त्याची वारी कोणी अपुरी म्हणत नाही. ‘मी इतका चाललो, आता समोर येऊन उभा राहा,’ असे तो म्हणत नाही. जो म्हणेल, तो दर्शन घेत नसतो, पाहून घेत असतो. दर्शन घेणारा रिकाम्या हाताने परतू शकतो. पाहून घेणाऱ्याला ते जमत नाही. दोघांचे डोळे सारखेच, दोघांची वाटही एकच. फरक कळतो तो, न दिसल्यावर.

त्या दिवशी आम्हाला दिसली. आधी पाण्यावर बुडबुड्यांचे एक मोठे कडे उमटले. खालून फुंकलेल्या त्या बुडबुड्यांत मासे कोंडले गेले आणि त्या कड्याच्या मधोमध ती तोंड उघडून वर आली, घराएवढी. वर पक्ष्यांचा कल्लोळ. मग तिने श्वास सोडला. तो आवाज मी विसरणार नाही. शेजारी पिल्लू होते. त्याचाही लहानसा श्वास ऐकू आला. मग तिने शेपूट उंच केली आणि ती खाली गेली. एवढ्यात दुसरी बोट मागे येऊन थांबली होती. आमच्या कप्तानाने बोट वळवली. आता त्यांची पाळी. समुद्रातही दर्शनबारी असते आणि ती कोणी मोडत नव्हते. तो चिडलेला गृहस्थही गप्प होऊन मागे पाहत राहिला.

तरी सगळे तेथे आलबेल आहे, असे समजू नये. प्रवाशांच्या बोटींनीच देवमाशांना धडक दिल्याच्या नोंदी त्या पाण्यातही आहेत. मोठ्या जहाजांची वाट २००७ साली थोडी वळवावी लागली, २००८पासून ठरावीक काळात वेगाला बंधन घालावे लागले. नियम झाले ते अपराध घडल्यावर. पण घडल्यावर तरी झाले.

परत आल्यावर २०२५च्या जानेवारीत मी मुद्दाम मालवणला गेलो. ती म्हातारी माउली तोवर वैकुंठवासी झाली होती; तिची क्षमा मागायची राहूनच गेली. तोच होडीवाला भेटला. मी त्याला पूर्ण पैसे आधीच दिले आणि म्हणालो, “बाळा, मागल्या खेपेला तू सांगत होतास, मी ऐकलं नाही. आज तू म्हणशील तिथं थांबू.” तो काही बोलला नाही. समुद्रात बरेच आत जाऊन त्याने इंजिन बंद केले. आम्ही दोघे तासभर तसेच बसलो. पक्षी माशांवर सूर मारीत होते. फार लांब, एकदाच, पाण्यावर काहीतरी करडे उमटले आणि मावळले; लाट होती की पाठ, मला सांगता येणार नाही. मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

परतताना तो हसून म्हणाला, “गुरुजी, आज डिझेल बरोच वाचलो.”

मी म्हणालो, “ते तुला राहू दे.”

रामकृष्णहरि.